कागदावरचे आठ लेथ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दोन फायली पुढ्यात सरकवल्या. एक टाइमटेबलची, दुसरी विद्यार्थी उपक्रमांची. टाइमटेबल तीन वर्षांपासून माझ्याच गळ्यात होतं. दुसरी फाईल ज्या सरांकडे असायची ते मे महिन्यात नोकरी सोडून पुण्याला गेले. "नवीन माणूस येईस्तोवर तुम्हीच बघा," सर म्हणाले. नवीन माणूस येईस्तोवर म्हणजे किती दिवस, हे खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, तो नुसता हसेल.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो. टाइमटेबलवाला म्हणून माझा उपक्रमवाल्यांवर कायम राग असे. जुलै संपत आला की कुणीतरी दारात उभं: "सर, आमच्या पंचवीस मुलांना दुपारचं सोडा ना." आणि उपक्रमवाले सर स्टाफरूममध्ये माझ्याबद्दल काय बोलत, तेही माझ्या कानावर येतच असे. आता भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी मीच.

सुरुवात कॅलेंडरपासून. यूजीसीच्या हिशेबाने एका सत्रात शिकवणीचे ९० दिवस व्हायला हवेत. १५ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, गुणाकार बरोबर येतो. आमच्याकडे एकाआड एक शनिवार सुट्टी, म्हणजे पहिल्याच ओळीत सात-आठ दिवस गेले. मग सणवार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आणि त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. पिवळी आणि काळी मारबत आणि बडगे हे मिरवणुकीतले पुतळे, ती गर्दी, आणि 'घेऊन जा गे मारबत' हा ओरडा. आमची पोट्टी त्यात, राहिलेल्या विषयांना उद्देशून, 'बॅकलॉग घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडतात, ते मी स्वतः ऐकलंय. तो दिवस सुट्टीचाच असतो, त्याचं दुःख नाही. दुःख असतं कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद असलेल्या दिवसांचं. गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. महालक्ष्म्या आल्या की वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडची मुलं गावी जातात आणि तीन दिवस वर्गात बारा टाळकी बसलेली. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये मशिनींची पूजा होते. लेथला, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून कापायच्या मशीनला, हळदकुंकू, झेंडूची माळ, तुकडा पकडणाऱ्या चकवर नारळ. त्या दिवशी कुठलीही मशीन सुरू करायची नाही, हा वर्कशॉपचा नियम आहे आणि तो विद्यापीठाच्या परिपत्रकापेक्षा जुना आहे. मी पहिल्या वर्षी अजाणतेपणी त्याच दिवशी टर्निंगचं, म्हणजे लेथवरच्या कामाचं, प्रॅक्टिकल लावलं होतं. प्रसाद मिळाला, प्रॅक्टिकल झालं नाही.

असं सगळं वजा करत गेलो तर माझ्या वहीत ७१ दिवस उरले. छापील कॅलेंडरवर ९० च होते.

मग टाइमटेबल. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, त्याच्या वरच्यांना १४. लेक्चरचा एक तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे दोन तास मिळून एक क्रेडिट. ६० मुलांचा वर्ग, २०-२० च्या तीन बॅचेस. माणसं, खोल्या, तास या तिन्ही गोष्टी एक्सेलमध्ये बसवायच्या, कुणाचे दोन तास एकावर एक येऊ द्यायचे नाहीत, आणि ज्येष्ठ मॅडमना शनिवारी पहिला तास द्यायचा नाही. एवढं जमलं की टाइमटेबल झालं, असं मी तीन वर्षं समजत होतो. मशीन हा रकानाच माझ्या शीटमध्ये नव्हता.

तो रकाना मला वर्कशॉपच्या भाऊंनी दाखवला. भाऊ तिथले सगळ्यांत जुने इन्स्ट्रक्टर. निवृत्तीला दोन वर्षं. विभागप्रमुखसुद्धा त्यांना भाऊच म्हणतात. उपक्रमांची फाईल हातात आल्यामुळे मी त्या जूनमध्ये पहिल्यांदाच नुसतं बघायला म्हणून वर्कशॉपमध्ये गेलो. त्यांना म्हटलं, दुसऱ्या वर्षाची टर्निंगची बॅच मंगळवारी लावतोय, आठ लेथवर वीस मुलं, ठीक आहे ना?

"सर, आठ लेथ कागदावर हायेत. फिरते पाचच."

"आणि तीन?"

"एकाचा चक गेला. एकाच्या गिअरबॉक्समधून आवाज येते, म्हणून म्याच बंद ठेवला. अन् तिसऱ्यावर तुमच्या बाहावाल्या पोट्ट्यांनी त्यायचा जॉब बांधून ठेवला हाय. एप्रिलपासून."

बाहा ही मुलांनी स्वतः गाडी बनवायची स्पर्धा, ती पुढे येईलच. तपासणी समिती आली की आठही लेथ पुसून, तेल लावून, नंबरच्या पाट्या रंगवून उभे असतात. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे सामानाच्या नोंदवहीतही, आठच. त्यात खोटं काहीच नाही, लेथ आठच आहेत.

त्या संध्याकाळी मी एक साधा हिशेब मांडला. दोन तासांचं प्रॅक्टिकल. हजेरी, अॅप्रन, टूल घेणं, कालचा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, शोधणं यात पंधरा मिनिटं जातात. शेवटी चिप्स झाडणं, सही घेणं यात आणखी पंधरा. उरली ९० मिनिटं. आठ लेथ असतील तर ७२० लेथ-मिनिटं, भागिले वीस, म्हणजे मुलाला ३६ मिनिटं. पाच लेथवर ४५०, म्हणजे साडेबावीस. फेसिंग, सेंटरिंग, स्टेप टर्निंग, टेपर, नर्लिंग, थ्रेडिंग, एवढं सगळं एका जॉबवर काढायचंय आणि सत्रात अशी दहा प्रॅक्टिकल्स झाली तरी खूप. तेही साडेबावीस मिनिटं समान वाटली तर. प्रत्यक्षात चार मुलांत एक दांडगा असतो. तो हँडल पकडतो आणि तिघं बघतात. चौघांच्या जर्नलमध्ये आकृती मात्र सारखीच सुबक.

त्यात डिप्लोमाची मुलं. थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्यांच्या प्रवेशफेऱ्या लांबतात आणि ही मुलं सत्र अर्धं होता होता येतात. त्या वर्षी १६ आली. वर्ग ६० चा ७६ झाला आणि बॅचेस पुन्हा पाडाव्या लागल्या. आम्ही मास्तर लोक या मुलांकडे 'मागे पडलेली' म्हणून बघतो, त्यांना गणिताचा जादा तास लावतो. भाऊंनी वेगळंच केलं. प्रत्येक लेथवर एकेक डिप्लोमावाला उभा केला आणि त्याला सांगितलं, तू हात लावायचा नाही, बाकीच्यायले शिकवायचं. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं फायलिंग आणि टर्निंग करून आलेली ही पोरं चकमध्ये जॉब सेंटर करताना डायल गेजकडे बघतसुद्धा नव्हती. दांडग्यांचं दांडगेपण दोन आठवड्यांत निम्मं झालं. ही कल्पना कुठल्याही शैक्षणिक आराखड्यात मी वाचलेली नाही.

हीट ट्रान्सफरच्या लॅबनेही मला असंच शिकवलं. कॉम्पोझिट वॉलचं, म्हणजे थराथरांच्या भिंतीतून उष्णता कशी जाते ते मोजायचं, उपकरण हीटर चालू केल्यावर स्थिर तापमानाला यायलाच तास-सव्वा तास घेतं. मी तीन बॅचेस तीन वेगवेगळ्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला लावल्या होत्या. शीटवर छान पसरलेल्या दिसत होत्या. प्रत्यक्षात प्रत्येक बॅच तास-दीड तास तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलकडे टक लावून बसायची आणि शेवटच्या दहा मिनिटांत जी असेल ती रीडिंग लिहायची. शेवटी लॅब असिस्टंटच म्हणाले, सर, तिन्ही बॅचेस एकाच दिवशी पाठोपाठ लावा, मी साडेआठला हीटर टाकून ठेवतो, मशीन दिवसभर गरम राहील. तसं केलं. त्या लॅबची बाकीचे दिवस कुलूपबंद खोली दिसते म्हणून एका बैठकीत मला 'साधनसामग्रीचा अपुरा वापर' असा शेरा मिळाला.

आता बाहा. लिहिताना बीएजेए, म्हणताना बाहा. एसएई इंडिया या वाहन अभियंत्यांच्या संस्थेची ही स्पर्धा २००७ पासून होते. मुलांनी एका माणसाची ऑल-टेरेन गाडी डिझाइन करून स्वतः बनवायची आणि इंदूरजवळ पिथमपूरला नेऊन चालवायची. रोल केजचा, म्हणजे चालकाभोवतीच्या सांगाड्याचा, पाइप कसा हवा, चालक आणि इंजिनामधली फायरवॉल कुठे हवी, सगळ्याचे नियम. ब्रेक मारला की चारही चाकं लॉक झाली पाहिजेत, नाहीतर गाडी पुढे जात नाही. शेवटी चार तासांची एंड्युरन्स, म्हणजे टिकून राहायची शर्यत. आमच्या टीममध्ये पंचवीस मुलं होती, आणि त्यांचा दिवस साडेपाचला कॉलेज सुटल्यावर सुरू व्हायचा.

हे साडेपाच मला कधी खटकलं नव्हतं. उलट अभ्यासाला धक्का न लावता उपक्रम चालतात म्हणून मी खूश असायचो. ऑगस्टमध्ये टीमची यादी तपासायला बसलो आणि पहिल्यांदा पत्ते बघितले. पंचवीसपैकी एकोणीस हॉस्टेलची किंवा कॉलेजजवळ खोली करून राहणारी. सगळी मुलगेच. उरलेल्या सहांत दोन मुली, आणि त्यातली एक काटोलहून रोज अपडाऊन करणारी. तिला बोलावून विचारलं, तुझं काम काय?

"स्टिअरिंग, सर. सगळं मॉडेल मीच केलंय."

"आणि फॅब्रिकेशन?"

"वेल्डिंग चालू होतं तेव्हा मी बसमध्ये असते. गाडी मला लॅपटॉपवरच माहिती आहे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने ते वेळापत्रकासारखं सांगितलं. कॉलेजची बस साडेपाचला निघते आणि त्या बसने पुढची एसटी मिळते, नाहीतर मिळत नाही. उमरेड, कामठी, सावनेरकडून येणाऱ्या मुलांचं हेच. लेथवर कोणाचा हात पोचतो हे दांडगेपणा ठरवत होता. उपक्रमात कोणाचा पोचतो हे बस ठरवत होती. आणि दोन्हीचं टाइमटेबल माझं होतं.

मी विभागाच्या बैठकीत प्रस्ताव मांडला: बुधवारी दुपारी दोन ते चार, दुसऱ्या ते चौथ्या वर्षापर्यंत कुणालाही तास नाही. वर्कशॉप आणि लॅब उघड्या, उपक्रम त्या वेळेतच. विरोध झाला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. एक सर म्हणाले, "दोन तास कोरे म्हणजे दोन तास कॅन्टीनचे." दुसऱ्यांनी विचारलं, हे तास आणणार कुठून? आणले इकडून तिकडून. लायब्ररीचा एक तास, ज्यात कुणी लायब्ररीत जात नव्हतं. टीजीचा, म्हणजे टीचर गार्डियनचा, एक तास, ज्यात आम्ही वीस मुलांच्या सह्या घेऊन त्यांना सोडून देत होतो. टीजी मीटिंग बुधवारीच वर्कशॉपमध्ये उभ्याउभ्या घ्यायची असं ठरलं. खरं सांगायचं तर मुलं लेथशेजारी उभी असताना घरच्या अडचणी जास्त मोकळेपणी सांगतात. पण ते नंतर कळलं.

पहिल्या बुधवारी कॅन्टीनवाले सर बरोबर ठरले. तीन वर्षांची मिळून दोनशेच्या वर मुलं, आणि वर्कशॉपमध्ये तीसही नव्हती. बाकीची गेटाबाहेर तर्री पोह्याच्या गाडीवर. दुसऱ्या बुधवारी पाऊस म्हणून चाळीस. मला वाटलं, आटोपलं आता.

मदत आली ती तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, अॅक्टिव्हिटी पॉइंट्सची. चार वर्षांत १०० पॉइंट्स, थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांना ७५. मुलांना हे पॉइंट्स शेवटच्या वर्षी आठवतात, मग प्रमाणपत्रांची धावाधाव. मी जाहीर केलं की बुधवारची नोंद तारखेनिशी मीच ठेवीन. लगेच गर्दी वाढली. पॉइंट्ससाठी आलेली मुलं वेगळी आणि मशिनीसाठी आलेली वेगळी, हे मलाही कळतं. पण पॉइंट्ससाठी आलेल्यातलाच एकजण तिसऱ्या बुधवारी गिअरबॉक्सचा आवाज करणाऱ्या लेथजवळ जाऊन उभा राहिला. डिप्लोमाचा मुलगा, त्याच्या वडिलांचं गावात छोटं वर्कशॉप. भाऊंना म्हणाला, उघडून पाहू का?

उघडला. बेअरिंग गेली होती. सातेकशे रुपयांची वस्तू. आता कॉलेजच्या खरेदीत तीन कोटेशन लागतात. सातशेच्या बेअरिंगला तीन कोटेशन मागायला मी स्वतः इतवारीत फिरलो. दोन दुकानदारांनी बेअरिंग देतो म्हटलं, पण कोटेशन द्यायला नकार दिला. तिसरा म्हणाला, "सर, कागदाच्या कामाले जास्त लागन." शेवटी विभागप्रमुखांनी खिशातून पैसे दिले. त्या दुरुस्तीला मी मिनी प्रोजेक्ट म्हणून नोंदवलं. रिपोर्टमध्ये बेअरिंगचा नंबर, झिजेचे फोटो, पुन्हा बसवताना घेतलेला रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतो त्याचं माप. मिनी प्रोजेक्टच्या नावाखाली दरवर्षी येणाऱ्या बाजारातून विकत आणलेल्या मॉडेल्सपेक्षा हा मला कितीतरी खरा वाटला. परीक्षक मात्र म्हणाले, यात नावीन्य काय? मी गप्प बसलो. नावीन्य एवढंच होतं की लेथ फिरत होता.

१५ सप्टेंबरचा अभियंता दिन दरवर्षीसारखा झाला: हार, भाषण, पोस्टर स्पर्धा. इंडस्ट्रियल व्हिजिटचं सांगण्यासारखं एकच. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याने एका वेळी तीसच मुलं येऊ द्या असं कळवलं आणि आमची ७६. आधी असं झालं की पहिल्या तीस रोल नंबरांचं नशीब उघडायचं. या वेळी तीन बुधवार मिळाले, तीन गट गेले, आणि एकही लेक्चर बुडालं नाही. कॅन्टीनवाल्या सरांनी या मुद्द्यावर पहिल्यांदा मान हलवली. नंतर कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॉटच्या संचांचा टर्बाइन हॉल बघायला जायचं होतं, त्याची परवानगी सत्र संपल्यावर आली. ते राहून गेलं.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरात मोर्चे, वळवलेले रस्ते आणि उशिरा येणारे बाहेरचे परीक्षक. प्रॅक्टिकल परीक्षा त्यातच उरकल्या. आणि मग बाहाची टीम ट्रकमध्ये गाडी बांधून बैतूलमार्गे पिथमपूरला निघाली. मी सोबत होतो. काटोलची मुलगीही होती. तिच्या वडिलांना मी दोनदा फोन केला, विभागातल्या एका मॅडम सोबत येतायत म्हटल्यावर त्यांनी होकार दिला. त्या मॅडम म्हणजे शनिवारचा पहिला तास नको असणाऱ्याच. मी तेव्हापासून त्यांच्या शनिवाराबद्दल मनातसुद्धा काही म्हणत नाही.

ब्रेक टेस्टला पहिल्या खेपेला मागचं डावं चाक लॉक झालं नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही. मुलं एकमेकांवर ओरडायला लागली. लाइनमध्ये हवा आहे की पेडलचा रेशो चुकला, यावर वाद. ती मुलगी काही न बोलता गाडीखाली सरकली आणि पाना मागितला. बुधवारच्या दुपारींत तिने ते ब्रेकचं कॅलिपर चार वेळा उघडून बसवलं होतं, तिला हवा काढायचा ब्लीडिंग स्क्रू अंधारातही सापडला असता. तिसऱ्या खेपेला चारही चाकं घासत थांबली. एंड्युरन्समध्ये गाडी दोन तासांच्या जरा पुढे गेली आणि पुढचा उजवा लोअर आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारा दांडा, वेल्डजवळ तुटला. तो वेल्ड कुणी मारला होता यावर परतीच्या वाटेवर बैतूलपर्यंत भांडण चाललं.

परत आलो तर पुढच्या सत्राचं टाइमटेबल वाट बघत होतं. या सत्रात मार्च-एप्रिल येतो. आमच्या वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर. दुपारी दोनला तिथे वेल्डिंगची बॅच लावणं हा नागपुरात गुन्हा समजला पाहिजे. आर्कच्या उजेडापेक्षा पत्र्याची धग आधी लागते. डेझर्ट कूलर लावला तर वाऱ्याने मिग वेल्डिंगचा गॅस उडतो, बंद ठेवला तर मुलं उडतात. म्हणून मार्चपासून वेल्डिंग सकाळी साडेसातला, आणि बुधवारचे दोन तासही दुपारवरून सकाळी आणायचे, असा बेत करून शीट घेऊन मी भाऊंकडे गेलो. आता शीटमध्ये मशीनचा रकाना होता.

त्यांनी चष्मा लावून रकाना वाचला. लेथच्या पुढे मी पाच लिहिलं होतं.

"सहा करा," ते म्हणाले. "बेअरिंगवाला फिरते ना."

"आणि बाहावाल्यांचा?"

"तो नका मोजू. आर्म तुटला ना त्यायचा? उद्यापासून पुन्हा बांधतीन जॉब."

मी पाच खोडून सहा केले. सहा लेथ, ९० मिनिटं, वीस मुलं. सत्तावीस.